कॉम्प्युटरात २४०, रॅकवर शून्य

मार्च २०१८ मधली शुक्रवारची रात्र. साडेनऊच्या सुमारास जेवून हात धूत होतो, तोच सेकंड शिफ्टच्या सुपरवायझरचा फोन आला.

"साहेब, टिपा कुठं ठेवल्यात? रॅकवर एक बी न्हाई."

"असतील बघ नीट. संध्याकाळी निघताना कॉम्प्युटरात दोनशे चाळीस दिसत होत्या."

"कॉम्प्युटरात असतील, हितं न्हाईत. हीट तयार होऊन थांबलीया."

गाडी काढली आणि वीस मिनिटांत कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत पोचलो. मी तिथल्या एका मध्यम आकाराच्या फौंड्रीत स्टोअर सांभाळतो. ग्रे आयर्नची कास्टिंग करतो आम्ही, ७५० किलोच्या इंडक्शन भट्टीवर. भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू म्हणजे एक हीट. टिप म्हणजे कागदी नळीच्या टोकाला बसवलेला थर्मोकपल. लान्सला लावून वितळलेल्या लोखंडात काही सेकंद बुडवायची, तापमान डिस्प्लेवर येतं आणि टिप तिथंच जळून जाते. दर वेळी नवी लागते. टॅपिंगच्या, म्हणजे भट्टीतून धातू काढण्याच्या आधी भट्टीत एक, कधी दोन, आणि ओतण्याआधी लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात एक. एका टिपेची किंमत मिसळीच्या एका प्लेटइतकीसुद्धा नाही. पण तापमान मोजून रजिस्टरला लिहिल्याशिवाय एकही मोल्ड, म्हणजे वाळूचा साचा, ओतायचा नाही, असा गिऱ्हाइकाचा लेखी नियम आहे आणि तो योग्यच आहे.

भट्टीवरचे मामा तीस वर्षं लोखंड बघत आलेले. धातूच्या रंगावरून तापमान सांगायचे आणि फारसे चुकायचे नाहीत. पण त्या रात्री तेच म्हणाले, "मी सांगतो हो, पण रजिस्टरला काय लिवणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. धातू ताव देऊन नुसता धरून ठेवला तर वीज जळते, भट्टीचं अस्तर खाल्लं जातं आणि कार्बन उतरत जातो. तिकडं लाईनवर मोल्ड भरून तयार, माणसं हात बांधून उभी. शेवटी शेजारच्या फौंड्रीतून पन्नास टिपा हातउसन्या आणल्या. शिरोलीत हे चालतं. आज त्यांची नड, उद्या आपली. त्या हीटमध्ये कार्ब्युरायझर टाकून कार्बन पुन्हा जागेवर आणला आणि अकरा वाजता ओतकाम सुरू झालं. दीड तास गेला.

दुसऱ्या दिवशी प्लांट हेड साहेबांनी बोलावलं. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "असं आणखी काय काय असेल?"

मला सांगता आलं नाही. तिथून पुढचं जवळपास वर्षभर मी या एका प्रश्नावर घालवलं.

आधी टिपांचाच माग काढला. ईआरपीत, म्हणजे साठ्याचा हिशेब ठेवणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये, त्यांची रिऑर्डर लेव्हल १५० होती. म्हणजे साठा १५० वर आला की इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, आपोआप निघावा. हा आकडा कुणी आणि कधी घातला हे शोधल्यावर कळलं की फौंड्री एका शिफ्टमध्ये चालायची तेव्हाचा आहे. तेव्हा दिवसाला नऊ हीट, पंचवीसेक टिपा. माल यायला तीन दिवस, म्हणजे ७५, आणि तेवढ्याच राखीव. हिशेब त्या काळापुरता बरोबर होता. २०१७ च्या दिवाळीनंतर सेकंड शिफ्ट सुरू झाली, हीट अठरा झाल्या, टिपा रोज साठाच्या घरात गेल्या. खप दुपटीपुढे गेला आणि आकडा तसाच बसून राहिला. त्या १५० टिपा आता अडीच दिवस पुरत होत्या.

पण त्या रात्री तर १५० चा इशाराही मिळाला नव्हता, कारण कॉम्प्युटर २४० दाखवत होता. सेकंड शिफ्टला स्टोअरचा माणूस नसतो, किल्ली सुपरवायझरकडे असते. शंभराचा बॉक्स उचलायचा आणि स्लिप सकाळी द्यायची, अशी पद्धत पडली होती. कधी स्लिप यायची, कधी गडबडीत राहून जायची. महिनाभरात अशा दोन-तीन स्लिपा राहिल्या की साठा कागदावर फुगतो. यात चोरी कुणाचीच नव्हती. भट्टी तापलेली असताना स्लिप लिहीत बसणाऱ्या माणसाला मीसुद्धा चांगला सुपरवायझर म्हणणार नाही. स्लिपेची जागाच चुकीची होती.

मग सगळं स्टोअर मोजायला घेतलं. सहाशेच्या आसपास आयटम, चार रविवार लागले. ग्राइंडिंग व्हील, हातमोजे, बेअरिंग, चॅपलेट, फिल्टर, स्लीव्ह हे मोजणं सोपं, वेळखाऊ असलं तरी. अवघड होते ते ढीग. पिग आयर्नचा ढीग, स्क्रॅपचे गठ्ठे, रनर-रायझरचा परत वितळायचा माल, आणि सगळ्यात अवघड वाळू. वाळू ट्रकने येते, काट्यावर वजन होतं, पण खर्च होताना कुणी मोजत नाही. लोडर बादली भरून नेतो. महिन्याच्या शेवटी कुणीतरी ढिगाकडे बघून "असंल चाळीस-पन्नास टन" म्हणायचं आणि तोच आकडा हिशेबात जायचा.

वाळूच्या बेची, म्हणजे वाळू साठवायच्या कप्प्याची भिंत काँक्रीटची, वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद जागा. मी आणि स्टोअरच्या पोरानं मिळून तिन्ही भिंतींवर एकेका फुटावर पिवळ्या रंगाच्या रेघा मारल्या. कोरडी सिलिका वाळू घनमीटरला साधारण दीड टन भरते. त्या हिशेबाने आमच्या बेमध्ये एक फूट उंची म्हणजे साडेबारा टनांच्या आसपास वाळू. ढीग लोडरने सपाट करायचा आणि रेघ वाचायची, बस. रोजचा खप चार टन धरला तर एक फूट म्हणजे तीन दिवस. पाचव्या रेघेच्या जागी लाल रेघ मारली. वाळू तिच्याखाली गेली की ऑर्डर. लोडरचा ड्रायव्हर आता स्वतःच येऊन सांगतो, "साहेब, लाल दिसाय लागली." ईआरपीतला कुठलाही रिपोर्ट मला इतका वेळेवर मिळालेला नाही.

मोजणीत कळलं की दर चार आयटमांमागे एकाचा तरी साठा कागदाशी जुळत नव्हता. कुठे कमी, कुठे जास्तही. एका मापाचं बेअरिंग वर्षापूर्वी संपलं म्हणून पुन्हा मागवलेलं होतं, ते जुनं दुसऱ्या रॅकच्या मागे धूळ खात पडलेलं मिळालं.

यानंतर मी एक चूक केली आणि ती सांगितली पाहिजे. त्या रात्रीचा धसका इतका होता की मी जवळजवळ सगळ्याच आयटमांच्या रिऑर्डर लेव्हल दीडपट केल्या. पुन्हा काही संपायला नको, एवढाच विचार डोक्यात. सहा महिन्यांनी कोअर शॉपमधून तक्रार आली, कोअर (कास्टिंगच्या आतली पोकळी घडवणारे वाळूचे आकार) हातात घेतले की तुटतायत. कोअरची वाळू बांधणाऱ्या कोल्ड बॉक्सच्या रेझिनचे चार ड्रम मुदत उलटून गेलेले निघाले. हे रेझिन ठराविक महिन्यांतच वापरावं लागतं, आणि त्याच्या दुसऱ्या भागाला तर हवेतली ओलसुद्धा चालत नाही. पुढच्या ओळीत नवे ड्रम येत गेले, मागच्या ओळीत जुने राहिले. ते पैसे देऊन घातक कचरा म्हणून पाठवावे लागले. मालकांनी तेव्हा मला साठ्यात अडकलेल्या पैशांची बेरीज करून आणायला लावली. बेरीज बघून मीच गप्प झालो. कमी साठ्याने भट्टी थांबते ते सगळ्यांना दिसतं. जास्तीच्या साठ्याने पैसा थांबतो, तो रॅकवर शांत पडून असतो म्हणून कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

त्यानंतर मी एकेका आयटमकडे वेगळं बघायला शिकलो. कॉलेजात एबीसी शिकवतात. वर्षाच्या खर्चाप्रमाणे माल उतरत्या क्रमाने लावायचा. थोड्याच आयटमांत बहुतेक पैसा असतो, ते ए. आमच्याकडे पिग आयर्न आणि स्क्रॅप हे ए, त्यांच्यावर मालकांपासून सगळ्यांची रोज नजर. टिपा सी वर्गात. सी म्हणजे फार लक्ष देऊ नका, असा अर्थ आम्ही काढला होता. पण पिग आयर्न कमी पडलं तर स्क्रॅप आणि कार्ब्युरायझर वाढवून चार्ज बदलता येतो. टिपेला पर्याय नाही. औषधांच्या आणि स्पेअर पार्टच्या स्टोअरमध्ये व्हीईडी लावतात, म्हणजे नसलं तर काय अडेल त्यावरून वर्ग. मी दोन्ही एकत्र लावलं. स्वस्त पण भट्टी अडवणारे असे एकतीस आयटम निघाले. टिपा, कार्बन तपासायचे सीई कप, इनॉक्युलंट, भट्टीच्या अस्तराचं रॅमिंग मास, हायड्रॉलिकचे काही सील. यांचा साठा सढळ हाताने ठेवायचा. त्यांचे सगळ्यांचे मिळून पैसे पिग आयर्नच्या एका ट्रकपेक्षा कमी होते.

या एकतीस आयटमांना दोन डब्यांची पद्धत लावली. पुढचा डबा वापरायचा, मागचा बंद. पुढचा संपला की मागचा उघडायचा आणि त्याच्यावरचं कार्ड स्टोअरच्या खिडकीतल्या खिळ्याला लावायचं. टोयोटाने जे कानबान म्हणून जगभर पोचवलं त्याचंच हे घरगुती रूप. दुसऱ्या डब्यात किती माल ठेवायचा, एवढाच खरा प्रश्न. रोजचा खप गुणिले माल हातात पडेपर्यंतचे दिवस.

पहिल्या महिन्यात कार्डंच हरवायला लागली. कुणाच्या खिशात जाऊन धुण्यात गेलं, कुठलं तेलात भिजलं. तोडगा मामांनी काढला. म्हणाले, "कागुद कशाला? पत्र्याचं करा. आन डब्याच्या झाकणाला असं बांधा की ते सोडल्याबिगार झाकण उघडायचंच न्हाई." मेंटेनन्सने पत्र्याच्या पट्ट्या कापून दिल्या, त्यावर पंचने आयटमचा नंबर ठोकला आणि तारेने झाकणाला अडकवल्या. पट्टी सोडली की ती हातात राहते, आणि खिळा दारातच आहे. सेकंड शिफ्टची स्लिप त्या दिवसापासून बंद केली. सकाळी खिळ्यावर जेवढ्या पट्ट्या, तेवढे इंडेंट.

उरले ते दिवस. सप्लायर म्हणतो तीन दिवस, आणि ईआरपीतही तीनच. मी एक दोनशे पानी वही घातली आणि दर ऑर्डरला सहा तारखा लिहायला लागलो: साठा पातळीला आला, इंडेंट केला, सही झाली, पीओ (खरेदीची ऑर्डर) गेला, माल गेटवर आला, तपासून रॅकवर लागला. टिपांच्या बारा ऑर्डरींत सगळ्यात लवकर आलेला माल तीन दिवसांत, सगळ्यात उशिरा नऊ दिवसांत. त्या नऊ दिवसांच्या ऑर्डरीत सप्लायरचे दोनच दिवस होते. चार दिवस इंडेंट सहीसाठी टेबलावर, कारण प्लांट हेड साहेब गिऱ्हाइकाकडे पुण्याला. एक दिवस पीओला. आणि दोन दिवस सप्लायरने माल धरून ठेवला, कारण त्याचं मागचं बिल निघालं नव्हतं.

ही वही घेऊन मी साहेबांकडे गेलो तेव्हा थोडी धाकधूक होती. सहीचे चार दिवस त्यांचेच होते. त्यांनी वही दोनदा वाचली आणि अकाउंट्सच्या माणसालाही बोलावून घेतलं. लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे हे २००६ च्या एमएसएमई कायद्यातच आहे, आणि आम्ही तेही नेहमी पाळत नव्हतो. ज्यांच्याकडून आपण टिपा घेतो तो माणूस आपल्यापेक्षा लहान आहे. त्याचे पैसे अडकवून वर माल वेळेवर मागायचा, हे मला तेव्हाही पटत नव्हतं आणि आताही नाही. एकतीस आयटमांसाठी वर्षाचे ओपन पीओ निघाले, दर ठरलेला, दर वेळी सही नको. पट्टी खिळ्यावर आली की मी थेट फोन करतो. टिपांचा दुसरा डबा सहा बॉक्सचा केला. साठ गुणिले नऊ पाचशे चाळीस होतात, म्हणून सहाशे. सरासरी दिवस धरले असते तर कमी लागल्या असत्या. पण सरासरीच्या हिशेबात निम्म्या वेळा माल उशिराच येतो, म्हणून अडवणाऱ्या मालाला मी सगळ्यात वाईट अनुभवाचे दिवस धरतो.

किती मागवायचं यासाठी फोर्ड हॅरिस यांचं १९१३ मधलं सूत्र आहे, ऑर्डर करण्याचा खर्च आणि साठवण्याचा खर्च यांचा मेळ घालणारं. ते मी बेंटोनाईटला, म्हणजे मोल्डची वाळू बांधून ठेवणाऱ्या मातीला, लावून बघितलं, उत्तर आलं नऊ टन. पण बेंटोनाईट येतं कच्छमधून, भुजच्या बाजूनं. नऊ टनांसाठी अर्धा ट्रक कुणी पाठवत नाही, पाठवला तर भाडं पूर्णच लावतो. म्हणून सोळा टन. रोज बारा-तेरा पोती जातात, तेव्हा एक ट्रक पंचवीस दिवसांना पुरतो. सूत्र वाया गेलं असं नाही. मी मागे दोन ट्रक एकदम मागवत होतो, ते थांबलं.

आता पावसाळा. कोल्हापुरात राहून साठ्याचा हिशेब करायचा आणि पाऊस धरायचा नाही, हे होत नाही. माझी आई अजूनही मे महिन्यात जळण, डाळी, लोणचं-पापडाची बेगमी करते आणि मिरगाच्या आत सगळं माळ्यावर चढवते. आमची सिलिका वाळू येते सिंधुदुर्गातून, कासार्डे-फोंड्याच्या बाजूनं, घाट चढून. पावसात खाणीतून माल कमी निघतो, घाटाचा भरवसा नसतो, आणि जी येते ती ओली येते. वीस टनांच्या ट्रकमध्ये सहा टक्के ओल म्हणजे बाराशे किलो पाण्याचे पैसे. म्हणून पावसाळ्यात आम्ही काट्याच्या वजनातून ओल वजा करूनच आवक लिहितो, आणि मे संपायच्या आत बे आठव्या रेघेपर्यंत भरतो. शंभर टन, म्हणजे पंचवीस दिवस. टिपांचे बॉक्सही तेव्हा खालच्या रॅकवरून वर जातात. कागदी नळीत ओल शिरली तर धातूत बुडवताच उडतं, आणि ते माणसाच्या अंगावर येतं.

एवढं सगळं बसलं असं वाटत असताना ऑगस्ट २०१९ आला. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांपुढे गेलं. तिथं इशारा पातळी ३९ फूट आणि धोका ४३. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन जवळपास आठवडा बंद राहिला. आमची फौंड्रीही बंद ठेवावी लागली. अर्ध्याहून जास्त माणसांच्या घरात पाणी किंवा घराला वेढा. तेव्हा साठ्याचा विचार कुणाच्या मनात नव्हता, माझ्याही नाही. पण पाणी उतरून माणसं कामावर आली तेव्हा रस्त्यावर ट्रकच्या रांगा होत्या आणि पहिले काही दिवस आमच्याच बेमधल्या वाळूवर आणि पोत्यांवर भट्टी चालली. बेंटोनाईट मात्र काठावर आलं होतं.

त्यातून मी नियम केला: जून ते सप्टेंबर रोज सकाळी बंधाऱ्याची पातळी बोर्डावर लिहायची, आणि ३९ फुटांवर पाणी आलं की बेंटोनाईटचा पुढचा ट्रक लगेच सांगायचा. नियम मला फार चांगला वाटला होता. जुलै २०२१ मध्ये पाणी इतकं भराभर चढलं की इशारा आणि धोका यांच्यामध्ये काही करायला वेळच मिळाला नाही. महामार्ग पुन्हा बंद. भुजहून निघालेला आमचा ट्रक किणी टोलनाक्याच्या पलीकडं रांगेत अडकला. ड्रायव्हर रोज संध्याकाळी फोन करायचा. तिथल्या गावातले लोक जेवण आणून देतायत म्हणाला. आमच्याकडे साठ पोती उरली होती, तीही पॅलेटवर, प्लास्टिक टाकून.

चूक उघड होती. नदी फुगल्यावर ट्रक मागवून काय उपयोग, कच्छहून यायलाच त्याला पाच-सहा दिवस लागतात. नदीकडे बघून ठरवायचं असेल तर आठवडाभर आधीची नदी दिसायला हवी, आणि ती मला दिसत नाही. बोर्डावर पातळी अजूनही लिहितो, पण ती माणसांच्या सोयीसाठी, कुणाला लवकर घरी सोडायचं ते कळावं म्हणून. बेंटोनाईटची रिऑर्डर लेव्हल आता वर्षातून दोनदा बदलते. १ जूनला ती १६० वरून ३२० पोत्यांवर जाते, म्हणजे एक पूर्ण ट्रक कायम आत. ३० सप्टेंबरला परत १६०. दोन्ही तारखा स्टोअरच्या दारावर रंगाने लिहिल्यात, पत्र्याच्या पट्ट्यांच्या खिळ्याशेजारी. यंदा मी रजेवर होतो तरी १ जूनला स्टोअरच्या पोराने आकडा बदलला, आणि मला फोनवर फक्त एवढंच सांगितलं, "साहेब, ट्रक सांगितलाय. बे आठव्या रेघंला हाय."